कौटुंबिक व्यवसायांचा इतिहास कसा शोधावा? : कवठे महांकाळ परिसरातील घराण्यांच्या निमित्ताने काही विचार

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी कार्यवाहांचा अहवाल, देणगीदारांची नामावली, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि उपवर मुलामुलींची यादी प्रसिद्ध होते. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु ज्या पैशावर हे विद्यार्थी शिकले आणि ज्या देणग्यांवर आपली कार्ये उभी राहिली, तो पैसा ज्या धंद्यांतून आला त्या धंद्यांचा इतिहास मात्र कोठे लिहिलेला आढळत नाही. दुकानाच्या पाटीवर स्थापनेचे साल असते, गादीच्या वर आजोबांची तसबीर असते, तिला दसऱ्याला हार चढतो. ह्यापलीकडे नातवाला काही विचारावे, तर ‘आजोबांनी फार कष्ट काढले’ ह्या एका वाक्यात पन्नास वर्षांचा इतिहास संपतो. ते कष्ट कोणते, कोणत्या गावी, कोणाच्या आधाराने आणि कोणाच्या पैशावर, ह्याचे उत्तर मिळत नाही. हे उत्तर कसे मिळवावे, ह्याचा विचार करण्याचे आम्ही प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रथम आपल्या भूमीविषयी दोन शब्द. जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले, आणि १९६५ साली कवठे महांकाळ हा स्वतंत्र तालुका अस्तित्वात आला. कृष्णाकाठची काळी, भरघोस पिकांची जमीन पश्चिमेस राहिली; आपल्या वाट्याला पर्जन्यछायेतील माळरान, खुरटी कुसळे आणि पावसाळ्यापुरती वाहणारी अग्रणी नदी आली. आज म्हैसाळ योजनेचे पाणी पोचल्यावर ह्याच माळावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि बेदाण्याची शेड दिसू लागली, ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु आमच्या वाडवडिलांच्या काळी ज्वारी-बाजरी, मेंढरे आणि आभाळाकडे लागलेले डोळे एवढेच भांडवल होते. १८७६-७७ चा दुष्काळ मोठा, १९७२ चा त्याहून जवळचा. त्यांच्या दरम्यान लहानमोठी कोरडी वर्षे किती गेली ह्याची गणना नाही. अशा भूमीतला माणूस घराबाहेर पडला नसता तरच नवल.

कवठे महांकाळ, खानापूर, आटपाडी, तासगाव ह्या भागांतील जी कुटुंबे बाहेर पडली, त्यांतील पुष्कळांनी गलाईचा धंदा धरला. सोने-चांदी शुद्ध करून देण्याच्या ह्या धंद्यात निरनिराळ्या ज्ञातींची घरे आहेत. तामिळनाडू, केरळ, आंध्र ह्या दक्षिणेकडील प्रांतांत आणि उत्तर हिंदुस्थानातही सराफकट्ट्याच्या एखाद्या बोळात गलाईवाल्याचे दुकान सापडते, आणि तेथे आपल्या मुलखातील मराठी कानी पडते. नव्या पिढीतील वाचकांसाठी ह्या कामाचे स्वरूप सांगणे इष्ट होईल. मोडीचे सोने आले म्हणजे त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून ते मुशीत वितळवितात, मग त्याचे बारीक दाणे किंवा पातळ पत्रे करून ते तेजाबात उकळतात. चांदी आणि तांबे तेजाबात विरघळते. सोने मात्र विरघळत नाही, ते तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी राहते. ती भुकटी वारंवार धुऊन, टाकणखार घालून पुन्हा आटविली म्हणजे शुद्ध सोन्याची लगड हाती येते. विरघळलेली चांदीही वाया जात नाही; त्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की ती तळाशी बसते. सोनाराच्या दुकानातील झाडणाची मातीसुद्धा ह्या माणसांच्या हाती पडली म्हणजे तिच्यातून गुंजभर सोने निघते.

आता ह्या धंद्याचा अभ्यास करावयाचा झाल्यास तो कोणत्या रीतीने करावा? अमुक शहरात गलाईची अमुक दुकाने आहेत, त्यांत इतके कामगार आहेत, वर्षाची उलाढाल इतकी आहे, असे कोष्टक तयार करता येईल, आणि त्याचा उपयोगही आहे. तथापि ज्या माणसाला गावाची भाषा येत नव्हती, ज्याच्या मालकीचे तेथे घर नव्हते आणि ज्याला ओळखणारे कोणी नव्हते, त्याच्या हाती एखाद्या सराफाने पावशेर सोने कसे सोपविले, हे कोष्टक सांगत नाही. पहिल्या दिवशी त्या सराफाने किती सोने दिले? सोबत स्वतःचा माणूस बसविला होता काय? तो माणूस किती महिन्यांनी उठला? ह्या धंद्याचे खरे भांडवल म्हणजे विश्वास, आणि विश्वास तागडीत घालून तोलता येत नाही. तो कसा जमला आणि कसा टिकला हे समजून घेण्यासाठी माणसांपाशी बसावे लागते, त्यांचे ऐकावे लागते, त्यांचे कागद वाचावे लागतात, त्यांचे काम डोळ्यांनी पाहावे लागते. ह्या रीतीस विद्वान लोक संशोधनाची गुणात्मक पद्धती म्हणतात. ‘किती’ ह्या प्रश्नाऐवजी ती ‘कसे’ आणि ‘का’ ह्या प्रश्नांचा पाठपुरावा करते.

ही पद्धती परदेशातून आलेली नवलाई आहे असे मात्र कोणी समजू नये. वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे आपल्याकडे दोन्ही पक्षांकडून करीना घेत. करीना म्हणजे त्या घराण्याने सांगितलेली आपली हकीकत: मूळ पुरुष कोण, वतन कसे मिळाले, मध्यंतरी काय घडले. मग गोतसभेपुढे साक्षी होत, जुने कागद पाहिले जात, गावच्या वृद्धांना विचारले जाई, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. दोन्ही बाजू ऐकणे, तोंडची हकीकत कागदाशी ताडून पाहणे, आणि साक्षीदारांची नावे नोंदविणे ही तीन सूत्रे त्यात होती, आणि आजच्या संशोधकालाही तीच लागतात. पुढे मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. राजवाड्यांनी गावोगाव फिरून घराघरांतील रुमाल सोडविले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. बखरीवर डोळे मिटून भरवसा ठेवू नये, अस्सल पत्र पाहावे, असा राजवाड्यांचा आग्रह होता. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहिला तो गावकऱ्यांचे व्यवहार जवळून पाहूनच.

पाश्चात्त्य देशांतही हाच विचार निरनिराळ्या वाटांनी पुढे गेला. मॅलिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियंड बेटांवर लोकांत राहून, त्यांची भाषा शिकून त्यांच्या देवघेवीचा अभ्यास केला. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात ॲलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली मौखिक इतिहासाच्या संग्रहास आरंभ केला. आफ्रिकेतील मौखिक परंपरा इतिहासाचे साधन म्हणून कशा पारखाव्यात, ह्याविषयी यान वानसिना यांचा ग्रंथ १९६१ साली निघाला. आधी सिद्धांत ठरवून मग त्यास अनुकूल पुरावा शोधण्याऐवजी मुलाखतींतूनच सिद्धांत वर येऊ द्यावा, असे ग्लेझर आणि स्ट्राउस यांनी १९६७ साली प्रतिपादिले. कौटुंबिक व्यवसायांपुरते बोलावयाचे तर हार्वर्ड येथील टॅगिउरी आणि डेव्हिस ह्या दोघांनी १९७८ साली तीन वर्तुळांची कल्पना मांडली: एक वर्तुळ कुटुंबाचे, दुसरे मालकीचे, तिसरे प्रत्यक्ष कामाचे. ह्या कल्पनेचा उपयोग आम्ही पुढे दाखविणार आहोत.

आपल्या जिल्ह्यात दीर्घायुषी कौटुंबिक व्यवसाय पुष्कळ आहेत. सांगलीस गाडगीळांची सराफी १८३२ सालापासूनची. मिरजेत शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब प्रभृती कारागिरांनी गेल्या शतकापूर्वीच्या शतकात तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. त्या घराण्यांच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत कुंडलनजीकच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. भिलवडीस चितळ्यांचा दुधाचा व्यवसाय १९३९ साली सुरू झाला. ह्यांपैकी किर्लोस्करांच्या उद्योगाची कथा मराठी माणसास सर्वांत अधिक ठाऊक आहे. त्याचे एक कारण कारखान्याचा मोठेपणा हे खरे. परंतु दुसरे कारण असे की त्या घरात नांगराबरोबर लेखणीही होती. १९२० साली तेथून मासिक निघाले. शंकररावांनी ‘शंवाकीय’ लिहिले, शंतनुरावांनी ‘कॅक्टस अँड रोझेस’ लिहिले. ज्या घराने लिहिले त्याचा इतिहास राहिला. गलाईवाल्याच्या हाती चिमटा आणि मूस होती. त्याने मनीऑर्डरीच्या कूपनावर दोन ओळी लिहिल्या, त्यापेक्षा अधिक लिहिण्यास त्याला उसंत नव्हती. म्हणून त्याच्यासाठी आता दुसऱ्याने लिहिले पाहिजे.

हे काम कसे करावे? पहिली पायरी वंशावळीची. घराण्याची वंशावळ मांडून प्रत्येक नावापुढे तो पुरुष कोणत्या वर्षी, कोणत्या गावी, कोणाबरोबर गेला हे लिहावे. मात्र पुरुषांचीच वंशावळ मांडून थांबू नये. मामाने भाच्यास नेले, मेहुण्याने मेहुण्यास नेले, असा हा धंदा पसरलेला आहे. सुनांची आणि लेकींची माहेर-सासरे नोंदविली नाहीत तर धंद्याची वाट मध्येच तुटलेली दिसेल. ही एक गोष्ट केली तरी एका खेड्यातील घरे एकाच दूरच्या शहरात का जमली, ह्याचा उलगडा होऊ लागतो.

दुसरी पायरी मुलाखतीची. वृद्धांना ‘कोणत्या साली?’ असे विचारल्यास ते गोंधळतात. परंतु त्यांची स्वतःची कालगणना पक्की असते. बार्शी लाइटची गाडी मिरजेस आली ते १९२७. पत्री सरकारची धामधूम १९४२ नंतरची. पानशेत फुटले ते १९६१. कोयनेचा भूकंप १९६७ च्या डिसेंबरात. मोठा दुष्काळ १९७२. ‘भूकंपाच्या वेळी तुम्ही गावी होता की दुकानावर?’ असे विचारले म्हणजे साल आपोआप हाती येते. प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर हो किंवा नाही ह्यात संपणार नाही. ‘तुम्हाला त्रास झाला काय?’ असे विचारण्याऐवजी ‘दुकानावर पहिल्या दिवशी काय काम दिले?’ असे विचारावे. रात्री कोठे निजत होता, भाकरी कोण भाजत असे, पगार केव्हा मिळू लागला, गावी पहिल्यांदा परतलात तेव्हा बरोबर काय आणले, असे साधे प्रश्न मोठी दारे उघडतात. बोलणारा थांबला म्हणजे लगेच पुढचा प्रश्न करू नये. पुष्कळदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते.

एक उदाहरण देतो. १९६३ च्या जानेवारीत सरकारने सुवर्ण-नियंत्रणाचे नियम जारी केले. चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. पुढे १९६८ चा कायदा आला, आणि तो १९९० साली रद्द झाला. शुद्ध सोने काढून देणे हीच ज्यांची विद्या, त्यांच्या पोटावर ह्या नियमांचा काय परिणाम झाला? कोणी चांदीवर दिवस काढले, कोणी भट्टी विझवून गावी नांगर धरला, कोणी दुसऱ्या धंद्यात शिरले, हे राजपत्रात लिहिलेले नाही. ते केवळ माणसांच्या आठवणीत आहे. त्या वर्षी जो पंधरा वर्षांचा उमेदवार होता, तो आज पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. त्यास विचारण्याची संधी आणखी किती वर्षे राहील, ह्याचा हिशेब वाचकांनीच करावा.

तिसरी पायरी कागदांची. रोजकीर्द, खतावणी, भाडेचिठ्ठ्या, परवाने, पत्रे, लग्नातील आहेराच्या याद्या ही सर्व इतिहासाची साधने आहेत. जुन्या वह्या पुष्कळदा मोडीत असतात. नव्या मुलांना त्या वाचता येत नाहीत, आणि म्हणून त्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातात. वाचता येत नाही म्हणून वही टाकून देणे म्हणजे कस लावता येत नाही म्हणून लगड मातीत फेकण्यासारखे आहे. वहीतून काय मिळते? लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कोणाचे नाव पहिले लिहिले आहे, धर्मादाय खात्यावर काय पडले, गावच्या यात्रेस किती धाडले, आजारपणात कोणी उसने दिले, हे सर्व मिळते. ज्या वर्षी गावी दुष्काळ, त्या वर्षी दुकानातून गावाकडे किती रक्कम गेली हे पाहिले, तर एका कुटुंबाने किती घरे जगविली ते समजते.

चौथी पायरी प्रत्यक्ष निरीक्षणाची. दुकानात आठ दिवस मुकाट्याने बसावे. गिऱ्हाइकाशी कोण बोलतो, तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला असते, भट्टीपाशी कोण आणि गादीवर कोण, हे पाहावे. तेजाब उकळताना जो पिवळसर तांबूस धूर निघतो तो छातीस अपायकारक असतो. तो कोणाच्या वाट्यास येतो हेही पाहावे. मालकाने मुलाखतीत ‘आमच्याकडे सगळी पोरे घरच्यासारखी’ असे सांगितले असेल, तर घरचा मुलगा आणि उमेदवार मुलगा ह्यांपैकी धुरात अधिक वेळ कोण उभा असतो, ह्यावरून त्या वाक्याचा कस लागेल.

येथपर्यंत सर्वांना मान्य होईल. आता जे सांगावयाचे आहे ते थोडे अवघड आहे. आपल्या समाजात घराण्याचा इतिहास म्हणजे स्तुतिस्तोत्र असा समज आहे. संस्थापक कर्तबगार, पुत्र आज्ञाधारक, भाऊ रामलक्ष्मण, आणि स्त्रिया ‘खंबीरपणे पाठीशी उभ्या’. असा इतिहास वाचून कोणास काहीच शिकता येत नाही. पहिले भांडवल कोठून आले, हा प्रश्न घरातील पुरुषास विचारावा तसाच वृद्ध स्त्रीसही विचारावा, आणि तो पुरुष समोर नसताना विचारावा. मोडलेल्या पाटल्यांचा उल्लेख कोणत्याही वहीत भांडवल म्हणून झालेला नसतो. पती दूरदेशी असता शेताचा सारा कोणी भरला, सासू-सासऱ्यांची दुखणी कोणी काढली, दुकानावरील दहा पोरांचा स्वयंपाक कोणी केला, ही कामे मजुरीत मोडत नाहीत. परंतु ती झाली नसती तर धंदा एक वर्षही चालला नसता.

तसेच वाटण्यांविषयी. भावाभावांची पेढी फुटली की दोन्हीकडे दोन बखरी तयार होतात. संशोधकाने दोन्ही करीने घ्यावेत आणि न्यायाधीश होऊ नये. येथे तीन वर्तुळांची कल्पना कामास येते. थोरला भाऊ मालकही आहे आणि कामही करतो. धाकटा मालक आहे परंतु गावी शेती पाहतो. पुतण्या रात्रंदिवस दुकानात राबतो परंतु कागदोपत्री त्याचे काही नाही. लेक सासरी नांदते, परंतु २००५ सालच्या दुरुस्तीपासून वडिलार्जित मिळकतीत तिचाही जन्मतः हक्क आहे. प्रत्येकजण आपापल्या जागी उभा राहून पाहतो, आणि प्रत्येकास आपलेच खरे वाटते. जावाजावांच्या भांडणामुळे पेढी फुटली असे गाव म्हणते. कागद आणि मुलाखती एकत्र मांडल्यावर बहुधा असे दिसते की भांडण पुतण्याच्या पगाराचे होते, आणि ते योग्य वेळी कोणी मोठ्याने बोलले नव्हते. एवढे समजले तरी पुढच्या पिढीची एखादी पेढी वाचेल.

आणखी एक सूचना. जे यशस्वी झाले त्यांनाच विचारणे हा एकांगीपणा होय. ज्यांचे दुकान बुडाले, जे दोन वर्षांत परत आले, जे गेले ते परतलेच नाहीत, त्यांच्या घरीही गेले पाहिजे. देणगीदारांच्या यादीत त्यांची नावे नसतात. परंतु धंद्यातील खाचखळगे त्यांनाच अधिक ठाऊक असतात.

ह्या कामास काही मर्यादा पाळाव्या लागतात. कोणाचेही बोलणे त्याच्या संमतीवाचून लिहून अथवा ध्वनिमुद्रित करून घेऊ नये. जे ‘छापू नका’ म्हणून सांगितले ते छापू नये. हिशेबाच्या वह्या घरातून नेऊ नयेत. तेथेच छायाचित्रे घेऊन परत द्याव्यात. लिहिलेला मजकूर सांगणाऱ्यास वाचून दाखवावा. आणि एकाच्या तोंडची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून अथवा कागदावरून पक्की झाल्याखेरीज ती घटना म्हणून लिहू नये. ‘अमक्याच्या आठवणीप्रमाणे’ असे लिहावे. आठवण चुकीची ठरली म्हणून ती टाकूही नये. सर्व भाऊ पायी निघाले असे घरात सांगतात आणि तिकिटाचा खर्च वहीत मांडलेला आहे, अशा वेळी वही खरी मानावी. परंतु घराला पायी निघाल्याचीच गोष्ट का जपावीशी वाटली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

आमची संस्थेस विनंती आहे की, पुढील वर्षाच्या स्मरणिकेत किमान पाच कुटुंबांच्या व्यवसायाची हकीकत ह्या रीतीने तयार करवून छापावी, आणि जमलेल्या कागदांच्या छायाप्रतींचे एक दफ्तर कार्यालयात ठेवावे. खर्च फारसा नाही. वेळ मात्र हवा. सभासद बंधुभगिनींनीही एवढे करावे: यात्रेला किंवा दिवाळीला दूरदूरची मंडळी गावी येतील, तेव्हा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींना एक कोरी वही देऊन घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी बसवावे. पहिला प्रश्न सोपा आहे: ‘तुम्ही घरातून निघालात त्या दिवशी तुमच्याबरोबर काय होते, आणि ते कोणी बांधून दिले होते?’